शेंड्याची पानं जांभळी का पडली

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. इथे अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सगळेजण घड्याळ एक तास मागे करतात. मार्चमध्ये पुढे केलेला तास आता परत घेतात. कामाची वेळ तीच, घड्याळच बदलायचं. त्यामुळे आपल्यात आता साडेनऊऐवजी साडेदहा तासांचं अंतर. इथून अकराला केलेला फोन तुमच्याकडे रात्री साडेआठऐवजी साडेनऊला येईल. उशीर झाला म्हणून घोर लावून घेऊ नका.

अण्णा, सोयाबीनचे फोटो पाहिले. शेंड्याची पानं तांबूस-जांभळी, चामट, आणि खालची सावलीतली हिरवीगार. हा नुसता उन्हाचा चटका नव्हे, सर्कोस्पोरा बुरशी आहे. ती पर्णरंध्रातून आत शिरते, पेशींमधल्या फटींत वाढते आणि सर्कोस्पोरिन हे लाल विष सोडते. 1957 मध्ये जपानात सोयाबीनच्याच बुरशीतून ते वेगळं काढलं. अंधारात त्याचा फारसा जोर नसतो. उजेड मिळाला की ते त्यातली ऊर्जा प्राणवायूला देतं, आणि तो चेतलेला प्राणवायू पेशीच्या पडद्यातल्या चरबीवर तुटून पडतो. तेल खवट होतं तशीच ती बिघडते. पडदा ताठरतो, फाटतो, आतला रस बाहेर झिरपतो आणि त्यावर बुरशी पोसते. बुरशी स्वतः मात्र वाचते, कारण धाग्यांच्या आत ती हे विष निष्क्रिय रूपात ठेवते. बाहेर पडलं की ते पुन्हा जहाल होतं. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

पण म्हणून सावली व्हावी असं दाट पेरू नका. दाटीत ओल टिकते, बुरशीला तेच हवं. 45 बाय 5 सेंटीमीटरच ठेवा. बियाण्यातले जांभळे दाणे निवडून काढा. मेमध्ये 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. 70 उगवले तरच पेरा. पेरणीआधी किलोभर बियाण्याला 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा, सावलीत सुकवून शेवटी रायझोबियम हे जिवाणू खत लावा. भुसकट वावरात पसरू नका, त्यात बुरशी राहते. त्या तुकड्यात पुढच्या खरिपाला ज्वारी घ्या.

आई, इथे प्रयोगशाळेत मी ते विष हातमोजे घालूनच हाताळतो, मागेही सांगितलंय.

चिमीच्या लग्नासाठी दीड लाख पाठवतोय, सोयाबीन घाईनं विकू नका. सुपारीला मला येणं जमत नाही. लग्नाला नक्की येतो. मंडप-आचाऱ्याचं मी बघतो म्हणालो होतो, ते मामांवर पडलं. त्यांच्याशी मीच बोलतो. माझ्यासाठी स्थळं बघणं तूर्त थांबवा, आधी तिचं होऊ द्या.

तुमचा,
बाळू