असईच्या शिवारातली हाडं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भोकरदन तालुक्यात असईच्या शिवाराला लागून आमची जमीन आहे. १९७२च्या दुष्काळात विहीर खणताना कमरेइतक्या खोलीवर माणसाची हाडं लागली. आजोबांनी काम थांबवलं, हाडं धोतराच्या सोग्यात गोळा केली, बांधावरच्या लिंबाखाली पुरली आणि नारळ फोडला. "कोणाचं तरी लेकरू असंल," एवढंच म्हणाले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. शिशाच्या गोळ्या तर नांगराला नेहमीच लागायच्या. जुई नदीवरचे भोई त्या ठोकून जाळ्याला लावत, उरलेल्या मोडीत जात.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी याच असईत, केळना आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला केला. कंपनीकडचे १,५०० हून अधिक मेले किंवा जखमी झाले. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. १,२०० शत्रू रणात मरून पडले, असं वेलस्लीनेच कळवलं होतं. त्यांतल्या एकाचंही नाव आमच्या गावात कोणाला माहीत नाही.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली बेल्जियममध्ये वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. तिथे मोंट-सेंट-जीनला त्याच्या सैन्याचा दवाखाना होता. त्या जागी अनेक देशांचे पुरातत्त्वज्ञ आणि माजी सैनिक मिळून उत्खनन करतात. २०२२ मध्ये त्यांना एक अख्खा सांगाडा मिळाला. फ्रान्समध्ये फ्रोमेलला २००९ साली सामुदायिक खड्ड्यांतून पहिल्या महायुद्धात मेलेले २५० सैनिक काढले, प्रत्येकाला वेगळी कबर दिली आणि डीएनएवरून दीडशेहून अधिक जणांना नावं परत मिळाली. त्याच युद्धातले आपलेही दोघे सापडले. रिशबुर्गजवळ २०१६ मध्ये मिळालेले दोन शिपाई खांद्यावरच्या बिल्ल्यांमुळे ३९व्या गढवाल रायफल्सचे असल्याचं कळलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये लावेंतीला लष्करी मानवंदनेत त्यांचं दफन झालं. नावं कळली नाहीत, तरी मान मिळाला.

असईत दोनशे वर्षांनी डीएनए जुळवायला वंशज कुठून आणणार, हे मला कळतं. पण दातांतल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून माणसाचं बालपण कोणत्या मुलखात गेलं याचा अंदाज येतो. म्हणजे स्कॉटलंडचा कोण, मद्रासकडचा कोण आणि शिंद्यांच्या पायदळातला उत्तरेकडचा पुरबिया कोण, हे काही अंशी उलगडेल. गोळ्यांचंही तसंच. प्रत्येक गोळी कुठे सापडली हे नकाशावर मांडलं तर पलटणी कुठे उभ्या होत्या ते दिसतं. गोळी उचलून खिशात घातली की तेवढी साक्ष गेली. म्हणून हौशी लोकांनी मेटल डिटेक्टर घेऊन शिवारात फिरणं मला चोरीइतकंच वाईट वाटतं.

राज्य पुरातत्त्व विभाग, आमचं मराठवाडा विद्यापीठ आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांनी वॉटर्लूला काम केलेल्या लोकांना सोबत घेऊन आधी नुसती पाहणी तरी करावी. सापडतील ती हाडं संग्रहालयाच्या खोक्यात ठेवू नयेत. दोन्ही बाजूंच्या मृतांना असईतच, एकाच जागी, मानाने माती द्यावी. शेतकऱ्याचं पीक बुडालं तर भरपाई आधी ठरवावी, नाहीतर हाड लागलं तरी कोणी सांगणार नाही.

घाई अशासाठी, की शेजारच्या दोन रानांत यंदा जेसीबीने सपाटीकरण झालं. वरची तीन-चार फूट माती ट्रॉल्यांनी गेली. आमचा लिंब वाळून गेला, पण बांध तसाच आहे. आजोबांनी पुरलेली जागा मला अजून पावलांनी मोजून दाखवता येते.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. भोकरदन, जि. जालना