अर्थसंकल्पासोबत जोखमींचे विवरणपत्रही मांडा

मा. वित्तमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

२०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प ७,००,०२० कोटी रुपयांचा होता. त्याच वर्षी पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या आणि डिसेंबरमध्ये नागपूरला ७५,२८६ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाला मंजुरीच्या मागण्या, आल्या. दोन्हींची बेरीज १,३२,७९५ कोटी होते, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाच्या १९ टक्के. मार्चमध्ये अख्ख्या वर्षासाठी दाखवलेली राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवायचा खर्च, १,३६,२३५ कोटी होती. पुरवणीतला काही भाग केंद्राकडून येतो, काही नुसता जमाखर्चाचा मेळ असतो आणि निव्वळ भार यापेक्षा कमी असतो, हे आम्ही जाणतो. तरीही या खर्चापैकी बराचसा मार्चमध्येच अंदाजता आला असता, असे आमचे ठाम मत आहे.

म्हणून एकच मागणी करतो. दरवर्षी अर्थसंकल्पासोबत राजकोषीय जोखमींचे विवरणपत्र सभागृहासमोर ठेवा आणि ते तयार करण्यासाठी विद्यापीठे व संशोधन संस्थांतील अभ्यासकांना वित्त विभागाची आकडेवारी खुली करा. राजकोषीय उत्तरदायित्वाचा २००५ चा कायदा आहेच. त्याखाली मध्यम मुदतीच्या धोरणाचे विवरण सरकार आजही मांडते. त्यालाच हे जोडता येईल, नवा कायदा लागत नाही.

जोखीम म्हणजे काय, ते लाडकी बहीण योजनेवरून पाहू. महिना १,५०० म्हणजे एका महिलेमागे वर्षाला १८,००० रुपये. लाभार्थी एक लाखाने वाढल्या की १८० कोटी वाढतात. २०२५-२६ ची ३६,००० कोटींची तरतूद बरोबर दोन कोटी महिलांना बारा महिने पुरते. संख्या २ कोटी ४० लाख धरली तर ४३,२०० कोटी लागतात. हप्ता २,१०० केला आणि लाभार्थी दोन कोटीच राहिल्या, तरी ५०,४०० कोटी. हे त्रैराशिक कुणालाही जमेल. संशोधकांचे काम त्याच्या पुढे सुरू होते. ई-केवायसीनंतर किती नावे गळतील, दरवर्षी वयाची २१ पूर्ण करून किती नव्याने पात्र होतील, ६५ ओलांडून किती बाहेर पडतील, याचा जिल्हावार अंदाज काढून एका आकड्याऐवजी किमान, संभाव्य आणि कमाल असे तीन आकडे द्यायचे. योजना हवी की नको, हा प्रश्न इथे नाही. ती चालवायची तर तिचा पैसा मार्चमध्येच दिसला पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

काही जोखमी मात्र गाजावाजा न करता वाढत असतात. जीएसटी आला तेव्हा केंद्राने राज्यांना वर्षाला १४ टक्के वाढ धरून पाच वर्षे भरपाई दिली. ती ३० जून २०२२ ला संपली. पण जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्याबद्दल राज्याने महापालिकांना दिलेला शब्द कायम आहे. २०१७ च्या राज्य कायद्यानुसार त्यांची भरपाई दरवर्षी चक्रवाढीने ८ टक्के वाढते. ८ टक्के चक्रवाढीने रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. राज्याच्या स्वतःच्या उत्पन्नाला हमी उरलेली नाही, देणे मात्र हमीचे आहे. एखाद्या वर्षी राज्याचा जीएसटी ४ टक्क्यांनीच वाढला तर ही फट किती कोटींची होईल, ते अर्थसंकल्पाच्या प्रकाशनांत एका ओळीत तरी छापलेले असावे.

पगार आणि निवृत्तिवेतनाचेही तसेच. सातवा वेतन आयोग राज्यात १ जानेवारी २०१९ पासून प्रत्यक्ष लागू झाला, पण अंमल १ जानेवारी २०१६ पासूनचा. मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत द्यावी लागली. आठवा आयोग केंद्राने नेमला आहे. राज्य निर्णय लांबवेल तितकी थकबाकी साचेल. निवृत्तिवेतनाची लाट आणखी पुढची आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नव्हती, आता त्यांच्यासाठी हमीच्या निवृत्तिवेतनाचा मार्ग खुला झाला आहे. त्या सुमारास पंचविसाव्या वर्षी रुजू झालेला कर्मचारी अठ्ठावन्न पूर्ण करून २०३८ मध्ये निवृत्त होईल. प्रत्येकाची जन्मतारीख, रुजू होण्याची तारीख आणि मूळ वेतन सेवार्थ या राज्याच्या वेतन प्रणालीत आजच नोंदलेले आहे. नावे आणि ओळख क्रमांक काढून ती माहिती विमागणितज्ञाला (भविष्यातली देणी गणिताने मांडणाऱ्या तज्ज्ञाला) दिली, तर २०५० पर्यंतचे वर्षवार देणे काही महिन्यांत मांडता येईल.

जमेच्या बाजूला मुद्रांक शुल्क आणि इंधनावरचा व्हॅट नीट तपासावेत. मुद्रांक शुल्क घरांच्या बाजारावर हेलकावे खाते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये ते ३ टक्क्यांनी आणि मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी कमी केले, तेव्हा नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. असा उसळीचा आकडा पाया धरला की पुढच्या वर्षांचे अंदाज फुगतात. व्हॅट हळूहळू झिजणार आहे. पेट्रोल सोडून विजेवर गेलेली प्रत्येक दुचाकी राज्याचा लिटरमागचा कर कायमचा घेऊन जाते, आणि ई-वाहनांना आपण मोटार वाहन करातूनही सवलत देतो. सवलत योग्यच आहे. तिची किंमत दहा वर्षांसाठी मोजलेली हवी.

सगळ्यात मोठी चूक होते ती प्रत्येक जोखीम सुटी मोजताना. पावसाने ओढ दिली की कृषिपंप जास्त तास चालतात आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांच्या मोफत विजेचे अनुदान वाढते. त्याच वर्षी दुष्काळाची मदत द्यावी लागते, ग्रामीण बाजार थंडावतो, करही घटतो. सरासरी काढणाऱ्या तक्त्यात हे दिसत नाही. त्यासाठी बँकांची घेतात तशी ताण-चाचणी घ्यावी लागते: वाईट वर्ष आले आणि सगळे एकदम आले, तर किती कमी पडेल आणि ते कुठून आणायचे. अमेरिकेतल्या युटा राज्यात विधिमंडळाचे वित्तीय विश्लेषक ठरावीक वर्षांनी हेच करतात आणि निघालेली तूट राखीव निधीशी ताडून पाहतात. इथे ओडिशाने अर्थसंकल्प स्थिरीकरण निधी उभारला आहे. महाराष्ट्राला हे जमणार नाही, असे मानायला काही कारण नाही.

काम असे व्हावे. पहिल्या वर्षी सहाच जोखमी घ्याव्यात: कर, पगार व निवृत्तिवेतन, थेट लाभाच्या योजना, वीज अनुदान, आपत्ती आणि महामंडळांच्या कर्जांना राज्याने दिलेली हमी. पाच-सहा जणांचा गट पुरे. त्यात एक विमागणितज्ञ आणि महालेखाकार कार्यालयाचे लेखे वाचता येणारा एक माणूस हवाच. बीम्स या राज्याच्या खर्चाच्या संगणक प्रणालीतून लेखाशीर्षनिहाय (खर्चाच्या खात्यानुसार) मासिक खर्च आणि ग्रास या जमेच्या प्रणालीतून जमा घ्यावी. आपत्तीसाठी मुख्य लेखाशीर्ष २२४५ (नैसर्गिक आपत्तीतील मदत) खालचा किमान पंधरा वर्षांचा प्रत्यक्ष खर्च बघावा. पॅकेजच्या घोषणेवर विसंबू नये, कारण ऑक्टोबर २०२५ च्या ३१,६२८ कोटींसारख्या पॅकेजमध्ये इतर योजनांचे पैसेही धरलेले असतात. हमीच्या बाबतीत महामंडळनिहाय थकीत कर्ज, पुढचा हप्ता आणि महामंडळाचे स्वतःचे उत्पन्न असा तक्ता करावा. हप्ता शेवटी राज्याच्या तिजोरीतूनच जाणार असेल, तर केंद्र ते कर्ज राज्याच्याच मर्यादेत मोजते.

पद्धत बरोबर आहे की नाही, याची परीक्षाही सोपी आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंतचीच माहिती गटाला द्या आणि २०२०-२१ चे वाईट चित्र काढायला सांगा. तेव्हा महसुली जमेचा अंदाज ३,४७,४५७ कोटी होता, प्रत्यक्षात सुमारे २ लाख ६९ हजार कोटी आले. महामारी कुणी ओळखावी, अशी अपेक्षा नाही. पण २२ टक्क्यांचा खड्डा ज्या चाचणीच्या सर्वांत वाईट चित्रातही बसत नाही, ती चाचणी पुन्हा बांधायला हवी.

असे प्रयत्न फसतात कुठे, तेही सांगायला हवे. अहवाल जानेवारीत येतो. तोवर विभागांचे आकडे ठरलेले असतात, आणि ते बरेचदा मागच्या वर्षीच्या रकमेवर दहा टक्के चढवून आलेले असतात. म्हणून जोखमींचा मसुदा ऑक्टोबरमध्ये, सुधारित अंदाज मागवतानाच, कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर हवा. दुसरे म्हणजे आकडेवारी पत्रागणिक मागावी लागते आणि अधिकारी बदलला की वाट बंद होते, म्हणून तीन वर्षांचा लेखी करार हवा. तिसरी अडचण भीतीची: वाईट आकडा छापला की विरोधक तो सभागृहात वाचून दाखवतील. वाचतील. पण तोच आकडा नऊ महिन्यांनी पुरवणी मागणी होऊन आला, तरी वाचतातच, आणि तेव्हा उपाय करायला वेळ उरलेला नसतो. विवरणपत्र विभागाला आधी दाखवावे, चुका दुरुस्त कराव्यात, पण छापायचे की नाही हा अधिकार विभागाकडे नसावा. ३० दिवसांत ते प्रसिद्ध व्हावे.

सुरुवातीला सेवार्थ, बीम्स आणि ग्रास या तीन प्रणालींतली ओळख काढलेली माहिती अभ्यासकांना देण्याचा शासन निर्णय लागेल. तो पुढच्या सुधारित अंदाजांचे परिपत्रक निघण्यापूर्वी काढावा, ही विनंती.

आपले,
सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक