गृहमंत्री महोदय, जात बघून संशयित ठरवणं थांबवा

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

तालुक्यात दोन-चार घरफोड्या झाल्या की लोक चिडतात, मोर्चा काढतात आणि पोलिसांवर दबाव येतो. चिडणं रास्तच आहे. आयुष्यभराची पुंजी एका रात्रीत जाते, ते दुःख लहान नसतं. पण मग पोलिसांची गाडी पहिल्यांदा कुठे जाते? पारध्यांच्या पालावर.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. वस्तीवर पहाटे गाडी आली, की त्या दिवशी वर्गातली ठरावीक मुलं गैरहजर असतात. बाप शेतात लपलेला असतो, थोरला भाऊ ‘चौकशीसाठी’ उचललेला असतो आणि आई लहानग्याला कडेवर घेऊन ठाण्याबाहेर बसलेली असते. तिच्या गळ्यातल्या चार मण्यांचीही पावती मागतात. सांगा साहेब, आपल्या घरातल्या बायकांना मंगळसूत्राची पावती कुणी कधी मागितली आहे का?

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींना कोंडून ठेवायच्या वसाहतीत, माणसं तारेच्या कुंपणात राहिली, हजेऱ्या देत राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. पण लगोलग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे १९५९चा. कागदावर ते एकेका माणसाच्या शिक्षांवर बेतलेले आहेत, पण ठाण्यातली नजर जमातीवरून हटली नाही. पुढे १९७२च्या वन्यजीव कायद्याने पारध्यांचा शिकारीचा पिढीजात धंदाही बंद झाला. त्याच्या जागी जमीन किंवा काम फार थोड्यांच्या हाती आलं.

३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल दिला. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा, असं त्यात आहे. विमुक्त जमातींच्या, म्हणजे जुन्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या, लोकांना मनमानी अटक होऊ नये, हे पोलिसांनाही बजावलं आहे. त्याआधी त्याच वर्षी, मागास समाजात जन्मला म्हणून कुणाची हिस्ट्रीशीट, म्हणजे ठाण्यातली पाळतीची नोंद, उघडू नये, असंही न्यायालयाने सांगितलं होतं. आपल्या खात्याने हे प्रत्येक ठाण्यापर्यंत पोचवलं का? किती हिस्ट्रीशीट तपासल्या, किती बंद केल्या, हे जिल्हावार जाहीर करा.

जामिनाचंही बघा. जामीनदाराकडे सातबारा मागतात. ज्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने तो कुठून आणायचा? जामीन मंजूर होऊनही पोरं आत खितपत पडतात.

कुणी म्हणेल, त्यांच्यातले काही जण चोऱ्या करतातच. करत असतील, तर पुरावा गोळा करा, कोर्टात उभं करा, शिक्षा होऊ द्या. माझी तक्रार पुराव्याआधी जात बघण्याबद्दल आहे. ठरलेल्या वस्तीवरून चार जण उचलले की मोर्चा शांत होतो, तपास तिथेच थांबतो आणि खरा चोर पुढच्या गावात कुलूप फोडतो. ज्याचं घर फुटलं त्यालाही न्याय मिळत नाही.

म्हणून मागणी करते. चौकशीला नेलेल्या प्रत्येकाची नोंद ठाण्याच्या डायरीत वेळेसकट व्हावी आणि घरच्यांना लेखी कळवावं. अटक केली तर कारण लिहून द्यावं. अल्पवयीन मुलांना ठाण्यात बसवून ठेवणाऱ्यांवर कारवाई व्हावी. वस्तीवर रात्री-पहाटे झडती घ्यायची असेल तर महिला पोलीस आणि गावातले दोन पंच सोबत हवेत.

दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. त्याआधी हे आदेश निघावेत, अशी विनंती आहे.

आपली,
एक शिक्षिका