खालची नावं सोडू नकोस

प्रिय वैशाली,

अमेरिकन नागरिकत्वाच्या शपथविधीचे फोटो पाहिले. मनापासून अभिनंदन! तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मात्र मनाला लागलं : ‘गव्हर्नर आणि सिनेटरला मत देईन, खालची नावं कोण ओळखतं?’ मतपत्रिकेवरच्या त्या खालच्या नावांसाठीच हे पत्र लिहितेय.

तू राहतेस टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळच्या सायप्रसला. पत्त्यात नाव आहे, पण त्या नावाची नगरपालिकाच नाही. ना महापौर, ना नगरसेवक. हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) असे कुठल्याच शहराच्या हद्दीत न येणारे जवळजवळ वीस लाख लोक आहेत. रात्री काही झालं तर दारात येणारी गाडी शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाची, किंवा कॉन्स्टेबलची (हाही इथे निवडून येतो), आणि रस्ता खचला तर दाद मागायची ती आपल्या भागाच्या काउंटी कमिशनरकडे. आपल्याकडे कलेक्टर परीक्षा देऊन येतो नि बदली होऊन जातो. इथे शेरीफपासून कर गोळा करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना मत मागावं लागतं.

सर्वांत महत्त्वाचं पद काउंटी जजचं. नाव जज असलं तरी इथे त्याचं मुख्य काम कारभाराचं आहे, आणि कायद्याची पदवी लागत नाही. लीना हिडाल्गो २०१८ मध्ये निवडून आल्या तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. जज आणि चार कमिशनर मिळून कमिशनर्स कोर्ट बनतं; नाव कोर्ट, पण ते काउंटीचं कारभारी मंडळ. पाच जण, प्रत्येकी एक मत. काउंटीचं बजेट, तुरुंगाचा खर्च, रस्ते, सगळं तिथे ठरतं. वादळ आलं की घरं रिकामी करा, हा हुकूम काढण्याचा अधिकारही जजकडे.

पूरनियंत्रणही याच पाच जणांच्या हातात आहे. हार्वी चक्रीवादळात, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं. बरोबर वर्षाने, २५ ऑगस्ट २०१८ ला, पूरनियंत्रणासाठी अडीच अब्ज डॉलरचं कर्ज काढायला लोकांनी मोठ्या बहुमताने कौल दिला. कुठला नाला आधी रुंद करायचा, कुठे तळं खोदायचं, हे पुढे कमिशनर्स कोर्टातच ठरत गेलं. तेव्हापासून मी आधी कमिशनरचं नाव शोधते, गव्हर्नरचं नंतर.

घराच्या कराचं बिल काढून बघ. काउंटी, पूरनियंत्रण, बंदर, हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट अशा वेगवेगळ्या ओळी दिसतील. या चारही ओळींचे दर कमिशनर्स कोर्ट ठरवतं. सगळ्यात मोठा आकडा शाळेचा, तो स्कूल बोर्डाचा. टॅक्स असेसर-कलेक्टर पैसे गोळा करतो, पण घराची किंमत तो ठरवत नाही. ते काम अप्रेझल डिस्ट्रिक्टचं. म्हणून किंमत जास्त लावली म्हणून त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. तुझी मतदार नोंदणी मात्र त्याच्याच ऑफिसात होते. ती ५ ऑक्टोबरच्या आत कर, अजिबात विसरू नकोस.

काउंटी क्लार्ककडे घराची कागदपत्रं, लग्नाचे परवाने आणि २०२३ पासून पुन्हा निवडणुका घेण्याचं कामही आहे. आणखी एक पद लोक हमखास सोडून देतात, जस्टिस ऑफ द पीस. भाडेकरूला घराबाहेर काढायचा दावा आणि वीस हजार डॉलरपर्यंतचे पैशांचे दावे त्याच्यासमोर चालतात. त्यालाही वकील असण्याची अट नाही. ज्याच्या एका सहीने एखादं कुटुंब रस्त्यावर येऊ शकतं, त्याचं नाव न वाचता पुढे जाणं मला पटत नाही.

यंदा ३ नोव्हेंबरला काउंटी जज, क्लार्क आणि दोन कमिशनर निवडायचे आहेत. शेरीफ आणि टॅक्सवाल्याची निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या वर्षात होते, म्हणजे २०२८ मध्ये. पूर्वी एक बटण दाबलं की पूर्ण पक्षाला मत जायचं. २०२० पासून ते बंद झालं. आता प्रत्येक नाव वेगळं निवडावं लागतं, आणि हॅरिसची मतपत्रिका देशातल्या सर्वांत लांब मतपत्रिकांपैकी आहे. मोबाइल आत वापरू देत नाहीत, पण कागदावर लिहून नेलेलं चालतं.

क्लार्कच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की नमुना मतपत्रिका मिळते. ती आली की छापून घे आणि रविवारी सगळे जेवायलाच या. आपण दोघी बसून वाचू. न्यायालयांतल्या जजांची यादी आधी घेऊ, तिलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तुझी,
मीनल