फुलांची चित्रे म्हणजे केवळ शोभा नव्हे

महोदय,

युरोपीय चित्रकलेवरील गेल्या रविवारच्या लेखात फुलांच्या चित्रांची ‘दिवाणखान्याची शोभा’ एवढ्या दोन शब्दांत बोळवण केलेली वाचून वाईट वाटले. फ्रेंच चित्रकर्ती आन व्हालाये-कोस्तेर यांचे काम ज्याने निरखून पाहिले आहे, त्याला हे पटणार नाही.

१७४४ साली जन्मलेल्या आन या सोनाराच्या कन्या. २८ जुलै १७७० रोजी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, पॅरिसच्या राजेशाही चित्रकला अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. त्या अकादमीत स्त्रियांसाठी चारच जागा असत. शिवाय नग्न मॉडेल समोर बसवून शरीररचनेचा अभ्यास करण्याची मुभा फक्त पुरुषांना होती, आणि त्या अभ्यासावाचून सर्वश्रेष्ठ मानल्या गेलेल्या इतिहासचित्रांना (म्हणजे इतिहास-पुराणांतील प्रसंगांच्या चित्रांना) हात घालणे जवळजवळ अशक्य होते. म्हणजे फुले आणि वस्तूंच्या चित्रांच्या ज्या प्रकाराला अकादमी खालच्या पायरीवर बसवत होती, तिकडेच स्त्रियांना वळवले जात होते. आज आपणही त्याच पायरीवरून त्यांचे मोल ठरवावे, हे मला अन्यायाचे वाटते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधील त्यांचे १७८० चे अंडाकृती चित्र पाहावे. निळ्या फुलदाणीत फुले आणि पायथ्याशी एक शंख, एवढाच ऐवज. पण पाकळीची मऊ घडी, चिनी मातीचा थंड गुळगुळीतपणा, तिच्यावरील सोनेरी धातुकामाची लकाकी आणि शंखाची कठीण कड, या प्रत्येकासाठी कुंचला वेगळा चालला आहे. सोन्याचांदीच्या कामावर लहानपणी बसलेली नजर इथे उपयोगी पडली असावी, असे मला नेहमी वाटते. विद्यार्थ्यांना स्थिरचित्र शिकवताना मी हेच चित्र समोर ठेवते.

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतने त्यांना आश्रय दिला, लूव्र राजवाड्यात राहण्याची सोय झाली, १७८१ मध्ये त्यांच्या विवाहाच्या करारावर राणीने सही केली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर हीच दरबारी जवळीक त्यांना भोवली आणि त्यांचे नाव मागे पडले. तरीही १८१७ च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी चित्र मांडलेच.

वरील चित्राची प्रतिमा त्या संग्रहालयाने सर्वांच्या वापरासाठी खुली ठेवली आहे. पुढील पुरवणीत ती रंगीत आणि चित्रकर्तीच्या नावासह छापावी, ही नम्र विनंती.

– एक चित्रकला शिक्षिका, सातारा