होंडा सीबी ७५० मोटरसायकलसाठीच्या रिस्टोरेशन व कॅफे-रेसर किटमधील चुकीचे सुटे भाग आणि चुकीचे माहितीपत्रक : तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सिंगल ओव्हरहेड कॅम, एअर-कूल्ड होंडा सीबी ७५० (१९७३, के३ मॉडेल) साठी पुरवलेल्या किटबाबत

महोदय,

आपल्या कॅटलॉगमध्ये हे किट '१९६९ ते १९७८ सीबी ७५० साठी, काहीही फेरबदल न करता बसणारे' असे छापले आहे. बिलाची प्रत आणि सर्व मोजमापांचे फोटो सोबत जोडले आहेत. आपल्या तांत्रिक विभागाने आधीच्या ईमेलला 'कार्बोरेटर नीट ट्यून करून घ्या' एवढेच उत्तर दिले. खाली लिहिलेल्या गोष्टी ट्यूनिंगने सुटणाऱ्या नाहीत, म्हणून हे सविस्तर पत्र.

सर्वांत गंभीर चूक रेग्युलेटर-रेक्टिफायरची, म्हणजे ऑल्टरनेटरने तयार केलेली वीज योग्य व्होल्टेजने बॅटरीला देणाऱ्या डबीची आहे. आपण पाठवलेल्या डबीला तीन पिवळ्या, एक लाल आणि एक काळी अर्थची वायर आहे. हा शंट प्रकारचा, म्हणजे जास्तीची वीज शॉर्ट करून जिरवणारा रेग्युलेटर आहे. ज्या गाड्यांच्या रोटरमध्ये (ऑल्टरनेटरच्या फिरणाऱ्या भागात) कायमचे चुंबक असते, त्यांच्यासाठी तो ठीक. सीबी ७५० च्या रोटरमध्ये चुंबक नाही आणि वाइंडिंगही नाही. तिथे स्टेटरच्या (वीज तयार होणाऱ्या स्थिर वाइंडिंगच्या) जोडीला एक स्थिर फील्ड कॉइल असते. मूळ रेग्युलेटर काळ्या वायरमधून इग्निशनचा पुरवठा घेतो आणि बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे पांढऱ्या वायरमधून या कॉइलला कमी-जास्त करंट देतो. त्या करंटमुळेच रोटर चुंबकित होतो. आपल्या डबीला फील्डची वायरच नाही, आणि आपली आकृती सांगते की 'पांढरी वायर लागणार नाही, टेप लावून बंद करा'.

ती बंद केली की चार्जिंग जवळजवळ शून्य. ५००० आरपीएमला बॅटरीवर १२.३ व्होल्ट दिसतात, म्हणजे गाडी निव्वळ बॅटरीवर चालते. त्याच गाडीवर जुना मेकॅनिकल रेग्युलेटर आणि जुना रेक्टिफायर जोडला की त्याच आरपीएमला १४.२ व्होल्ट मिळतात. त्यामुळे स्टेटर किंवा फील्ड कॉइल जळल्याची शंका राहत नाही. फील्ड कॉइलचा रेझिस्टन्सही थंड असताना ७ ओहमच्या आसपास, म्हणजे योग्यच आहे. याहून सोपी खूणही आहे. इग्निशन चालू करून ऑल्टरनेटरच्या कव्हरजवळ लोखंडी पाना धरला की फील्ड चालू असल्यास तो ओढला जातो. आपली डबी लावल्यावर ओढ अजिबात जाणवत नाही.

यावर आपल्या माणसाने फोनवर सुचवले की पांढरी वायर थेट काळ्या वायरला जोडा. हा सल्ला कृपया दुसऱ्या कोणालाही देऊ नये. तसे केल्यास फील्डला कायम पूर्ण पुरवठा मिळतो, १४ व्होल्टला सुमारे २ अँपिअर. ऑल्टरनेटर सतत पूर्ण क्षमतेने वीज तयार करत राहतो आणि जास्तीची वीज आपली डबी शॉर्ट करून जिरवते. तो सगळा करंट स्टेटरच्या वाइंडिंगमधून फिरतो, वाइंडिंग तापते आणि इन्सुलेशन जळते. मुळात या ऑल्टरनेटरची क्षमता २१० वॅट. हेडलाइट आणि दोन इग्निशन कॉइल भागवून फार काही उरत नाही. त्यातले २ अँपिअर उगाच कायमचे फील्डमध्ये घालवणे परवडत नाही.

आता जेट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे बारीक छिद्राचे भाग. पॉड फिल्टर (प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडाला थेट बसणारा एअर फिल्टर) आणि फोर-इन्टू-वन (चार नळ्या एकत्र येणाऱ्या) सायलेन्सरसाठी म्हणून आपण ११५ नंबरचे चार मेन जेट दिले. निवड तर्काला धरून आहे. एअरबॉक्स (मूळ एअर फिल्टरची पेटी) काढला की मूळ जेटपेक्षा मोठा लागतोच. पण केहिन या कार्बोरेटर कंपनीच्या जेटवरचा नंबर म्हणजे छिद्राचा व्यास, ११५ म्हणजे १.१५ मिमी. पिन गेजने (ठरावीक जाडीच्या मोजपिनांनी) मोजल्यावर आपले दोन जेट १.१५ चे निघाले, एकात १.२० ची पिन सहज जाते आणि एकात १.१० चीही अडकते. चार कार्बोरेटरच्या गाडीत हे चालत नाही. व्हॅक्यूम गेज लावून चारही स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपा) कितीही बारकाईने जुळवल्या, तरी अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल-हवेचे वेगळे मिश्रण मिळणार. प्लग तेच सांगतात : तीन नंबरचा काळा, काजळी धरलेला, आणि एक नंबरचा पांढराफटक. पांढरा प्लग जास्त काळजीचा. एअर-कूल्ड इंजिनात मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) झाले की उष्णता वाहून न्यायला पाणी नसते, आणि पिस्टनच्या टाळूला भोक पडायला एक लांब चढ पुरतो.

याच ठिकाणी दुसरा दोष दडला आहे. या कार्बोरेटरचा मेन जेट आट्यांचा नसून ओ-रिंगसह दाबून बसवायचा आणि खालून पट्टीच्या क्लिपने धरायचा असतो. किटमधल्या ओ-रिंग सैल आहेत; जेट बोटाने घातला तर स्वतःच्या वजनाने खाली येतो. म्हणजे पेट्रोल छिद्रातून जाण्याऐवजी बाजूने वर चढते, आणि मग जेटवर कोणता नंबर छापला आहे याला अर्थ उरत नाही. फ्लोट बाऊलच्या (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) गॅस्केटची तऱ्हा उलटी : इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ती इतकी फुगते की बाऊल एकदा उघडला की पुन्हा खाचेत बसत नाही. पाकिटावर 'व्हिटॉन' लिहिले आहे. व्हिटॉन हे इंधनाला टिकणारे रबर पेट्रोलमध्ये असे फुगत नाही, त्यामुळे आतला माल साधे रबर असावा. फ्लोट निडलही (बाऊलमध्ये येणारे पेट्रोल थांबवणारी सुई) मूळ निडलपेक्षा लांब आहे. ती घातल्यावर फ्लोटची उंची २६ मिमीवर आणायला टँग (फ्लोटची छोटी पट्टी) बराच वाकवावा लागतो. तसे करता येते, पण मग 'फेरबदल न करता' हे शब्द काढून टाका.

पॉड फिल्टरबद्दल थोडक्यात. रबराच्या गळ्याची आतली कड इतकी जाड आहे की कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेली हवेची बारीक छिद्रे झाकली जातात. हवा बंद झाली की आयडलला मिश्रण घट्ट होते आणि एअर स्क्रू कितीही फिरवला तरी फरक पडत नाही. कड कापून चाचणी घेतली, स्क्रू लगेच प्रतिसाद देऊ लागला. हा दोष साच्यातच आहे.

क्लिप-ऑन हँडल (फोर्कच्या नळ्यांना थेट आवळायचे) मात्र ३५ मिमीच्या फोर्कवर अचूक बसले, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती सीटखालच्या मागच्या हूपबद्दल, म्हणजे चासीच्या मागच्या टोकांना जोडायच्या वाकवलेल्या नळीबद्दल. चासीच्या नळीत घालायचे त्याचे दोन्ही स्लग (जोडाचे तुकडे) नळीच्या आतल्या व्यासापेक्षा दीड मिमीने बारीक आहेत. सैल स्लगवर कडेने वेल्डिंग केले तर सगळा भार वेल्डच्या रेषेवर येतो आणि थरथरीने तिथेच तडा जातो. स्लग घट्ट बसणारा हवा, आणि नळीला भोके पाडून तिथूनही वेल्ड करायला हवे. आपल्या पत्रकात त्याचा उल्लेख नाही. शिवाय किटमधले आखूड शॉक पूर्ण दबले की मागचा टायर हूपला घासतो. स्प्रिंग काढून चाक हाताने वर उचलले की हे दिसते. ही तपासणी विक्रीपूर्वी आपल्याकडे व्हायला हवी होती.

शेवटी माहितीपत्रक. त्यात टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट) इनलेट ०.०८ आणि एक्झॉस्ट ०.०५ मिमी छापले आहे. बरोबर आकडे नेमके उलटे : थंड इंजिनावर इनलेट ०.०५, एक्झॉस्ट ०.०८. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि लांबतो. त्याला जागा कमी ठेवली तर तो सीटवर पूर्ण टेकत नाही, आणि टेकला नाही तर त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही. काठ जळतो, कॉम्प्रेशन जाते, हेड उतरवावे लागते. ज्याच्याकडे मूळ सर्व्हिस मॅन्युअल नाही तो तुमच्या कागदावर विश्वास ठेवून फिलर गेज लावणार.

'एकदा बसवलेले इलेक्ट्रिकल भाग परत घेतले जात नाहीत' ही अट या बाबतीत लागू होत नाही. भाग बिघडलेला नाही, तो या गाडीचाच नाही. वायरींची संख्या पाहूनही ते कळते.

म्हणून मागणी अशी :

फील्ड कॉइलसाठी पांढऱ्या वायरचे आउटपुट असलेला रेग्युलेटर-रेक्टिफायर बदलून द्यावा, नाहीतर त्याची पूर्ण रक्कम परत करावी. मोजून एकसारखे असलेले चार जेट, योग्य मापाच्या व्हिटॉन ओ-रिंग, बाऊल गॅस्केट आणि मूळ लांबीच्या निडल पाठवाव्यात. पॉड, हूप आणि शॉक परत घेऊन त्यांची रक्कम द्यावी. टॅपेटचे दुरुस्त आकडे आणि वायरिंगची सुधारित आकृती हे किट घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला लेखी कळवावी. यातली टॅपेटची सूचना इतर कशासाठीही न थांबता आधी जावी.

कड कापलेला एक पॉड सोडल्यास सर्व भाग जसे आले तसे पाकिटांसह ठेवले आहेत. तपासणीसाठी हवे असल्यास आपल्या खर्चाने मागवून घ्यावेत. १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे, आणि ते या कार्बोरेटरवर प्रत्यक्ष काम केलेल्या व्यक्तीकडून यावे.

आपला,
ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, पिन गेज व व्होल्टमीटरच्या मोजमापांचे फोटो, माहितीपत्रकाच्या संबंधित पानाची प्रत