‘सी फॉर्म’ भरायचा तर तो गावात भरता आला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की आमच्या किनारपट्टीवर विदेशी पर्यटक दिसू लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ पोलिसांचे बजावणे सुरू होते : विदेशी पाहुणा ठेवला आणि चोवीस तासांत ‘सी फॉर्म’, म्हणजे त्याची माहिती सरकारला कळवणारा ऑनलाईन फॉर्म, भरला नाही, तर गुन्हा दाखल होईल. समुद्राजवळच्या राहत्या घरातल्या दोन खोल्या मी पर्यटकांना देते, म्हणून या नियमाबद्दल लिहीत आहे. नियमच नको, असे माझे मुळीच म्हणणे नाही. २००९ मध्ये, २६/११ च्या हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी केलेला डेव्हिड हेडली पुण्यात कोरेगाव पार्कला राहून गेला आणि १३ फेब्रुवारी २०१० रोजी त्याच भागातल्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जणांचे प्राण गेले. कोण कुठे उतरले आहे याची नोंद पोलिसांकडे असलीच पाहिजे. पण ती नोंद ज्यांच्या भरवशावर होते, त्या छोट्या घरमालकांना ती करता येईल अशी सोय कुणी केलेली नाही.

ई-पर्यटक व्हिसा आता एक वर्षाचा आणि पाच वर्षांचाही मिळतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना त्यावर सलग १८० दिवस राहता येते, इतर बहुतेकांना ९० दिवस. इतक्या मुदतीसाठी पाहुण्याला स्वतः जाऊन नोंदणी करावी लागत नाही. म्हणजे विमानतळाबाहेर पडल्यावर तो कुठे आहे, हे सरकारला मुख्यतः त्याला खोली देणाऱ्याने भरलेल्या फॉर्मवरूनच कळते. आणि महिनोन्‌महिने राहणारा माणूस मोठ्या हॉटेलात राहत नाही. त्याला चहा-भात करायला गॅस हवा असतो, महिन्याच्या हिशेबाने भाडे हवे असते. तो गोव्यात हरमलला किंवा मोरजीला दोन महिने काढतो, मग तेरेखोलची खाडी ओलांडून शिरोड्याला, वेंगुर्ल्याला येतो, पुढे गोकर्णला जातो. प्रत्येक मुक्कामी नवा घरमालक आणि नवा फॉर्म.

हा फॉर्म भरायला आधी सरकारच्या संकेतस्थळावर घराची नोंदणी करून मंजुरी घ्यावी लागते. माझ्या अर्जाला मंजुरी येईपर्यंत हंगामातले ऐन दिवस निघून गेले. त्या काळात एक वयस्क ब्रिटिश जोडपे सामान घेऊन दारात उभे होते, त्यांना मला नाही म्हणावे लागले. अंधार पडत आला होता. ते रात्री कुठे राहिले असतील, हा विचार अजून मनातून जात नाही.

मंजुरी मिळाल्यावरही काम सोपे नसते. सगळे इंग्रजीत. पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, तो कुठे आणि कधी दिला, भारतात कधी उतरले, आमच्याकडे येण्याआधी कुठे होते, पुढे कुठे जाणार. ई-व्हिसाच्या कागदावर अर्जाचा क्रमांक वेगळा आणि व्हिसाचा वेगळा, यात हमखास गोंधळ होतो. आगमनाचा शिक्का पुसट उमटलेला असला की आकडा ३ आहे की ८, हे पासपोर्ट उजेडात धरून ठरवावे लागते. पाहुण्याचा फोटो ठरलेल्या मापाहून मोठा असला की फॉर्म तिथेच अडतो. त्यात लाईट गेली, रेंज गेली, तरी चोवीस तास काही थांबत नाहीत. मला हे जमते. आमच्या वाडीतल्या सत्तरी ओलांडलेल्या काकूंना कसे जमावे? त्यांची खोली माझ्या खोल्यांपेक्षा चांगली आहे, पण त्यांनी विदेशी पाहुणे घेणेच बंद केले.

छोटी लॉज तर ‘फॉरेनर घेत नाही’ म्हणून सरळ सांगतात. मग हा पाहुणा जातो कुठे? जिथे कुणी पासपोर्ट मागत नाही अशा खोलीत. ज्याची नोंद हवी, नेमका तोच नोंदीबाहेर राहतो.

आणखी एक गोष्ट कितीतरी कुटुंबांना ठाऊकच नसते. हा नियम फक्त भाडे घेणाऱ्यांपुरता नाही. अमेरिकन पासपोर्ट घेतलेली भाची पर्यटक व्हिसावर मावशीकडे राहायला आली, तरी मावशीला हा फॉर्म भरावा लागतो. हे तिला कोण सांगते?

१ सप्टेंबर २०२५ पासून विदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे गेले, ‘सी फॉर्म’चे कागदोपत्री नावही ‘फॉर्म ३’ झाले, पण माहिती कळवण्याची जबाबदारी राहिली. ती निभावता यावी यासाठी फार खर्चाचे काही करायला नको. राज्याच्या पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत ज्या घरांची नोंद आहे, त्यांची कागदपत्रे सरकारने एकदा पाहिलेलीच आहेत. त्याच नोंदणीबरोबर सी फॉर्मचे लॉगिनही द्यावे. बाकीच्यांच्या अर्जांना मंजुरीची मुदत ठरवून द्यावी. फॉर्म मराठीत आणि कोकणीत यावा. किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात हे काम येणारा एक कर्मचारी असावा. घरमालकाने पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स त्याच्याकडे दिली की पोच मिळावी आणि ती पोच म्हणजेच माहिती दिली असे धरले जावे, मग संकेतस्थळ बंद असो की रेंज नसो.

सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला १९९७ मध्ये. आता गोव्यातला मोपा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे आणि लांब मुक्कामाचे पाहुणे इकडे वळणारच. जिल्हा प्रशासनाने पुढच्या हंगामाआधी, पावसाळ्यातच, शिरोडा ते देवगड किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींत शिबिरे घ्यावीत आणि घरमालकांची नोंदणी तिथेच, समोर बसवून पूर्ण करून द्यावी, अशी माझी आपल्या पत्रामार्फत कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक घरगुती निवासचालक, जि. सिंधुदुर्ग